अटींवर मिळालेला प्रवेश

गांधीसागरजवळचं रमण विज्ञान केंद्र आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलेलं असतं. त्याच सर सी. व्ही. रमण यांनी १९३३ मध्ये एका मराठी मुलीचा अर्ज नाकारला होता, हे मात्र फार कुणाला ठाऊक नसतं. ती मुलगी म्हणजे कमला भागवत, पुढच्या डॉ. कमला सोहोनी.

जन्म १९११, इंदूरचा. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, तर लेखिका दुर्गा भागवत या थोरल्या भगिनी. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. उत्तम गुणांनी पास झाल्यावर त्यांनी बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला. संचालक होते नोबेल विजेते रमण. अर्ज फेटाळला गेला. कारण एकच, अर्जदार मुलगी होती!

कमलाबाई थेट बंगलोरला जाऊन धडकल्या. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष प्रोबेशन, गाइड सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम आणि प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडवायचं नाही. अटी मान्य केल्या, पण तो अपमान त्या आयुष्यभर विसरल्या नाहीत. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर त्यांनी असं काम केलं, की रमण यांना आपलं मत बदलावं लागलं.

पुढे केंब्रिज. बटाट्यावर प्रयोग करताना, पेशींच्या श्वसनात भाग घेणारं सायटोक्रोम सी हे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असतं, हे त्यांनी दाखवलं. अवघ्या चौदा महिन्यांत, जेमतेम चाळीस पानी प्रबंधावर पीएच.डी.! विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या काही भारतीय स्त्रियांपैकी त्या एक.

१९३९ मध्ये त्या मायदेशी परतल्या. दिल्लीचं लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेज, मग कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा आणि १९४७ मध्ये लग्नानंतर मुंबईची इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. बायोटेक नावाची ब्रँच निघण्याच्या कितीतरी आधी त्या एन्झाइम्स आणि प्रथिनांवर विद्यार्थी तयार करत होत्या. विषय मात्र गरिबाच्या ताटातले : डाळी, कडधान्यं आणि नीरा. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायकांना नीरेचा फायदा होतो, हे त्यांच्या संशोधनातून दिसलं. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

एवढं करूनही संस्थेचं संचालकपद त्यांना लगेच मिळालं नाही. अंतर्गत राजकारणापायी तब्बल चार वर्षं वाट पाहावी लागली. अटी बदलल्या होत्या, संपल्या नव्हत्या. तरी त्या खुर्चीपर्यंत पोचल्याच. निवृत्तीनंतर ग्राहक चळवळीत उतरल्या. १९८२-८३ मध्ये त्या कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडियाच्या अध्यक्ष होत्या. १९९८ मध्ये त्यांचं निधन झालं.

आज आपल्या लॅबमध्ये मुली रात्री उशिरापर्यंत प्रोजेक्ट करत बसतात, तेव्हा त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. एकेकाळी ती प्रवेशाची अट होती, आणि ती एका मुलीने पुरी करून दाखवली होती.