सर हेन्री रॉइस : यंत्रांतील मेळ जाणणारा कारागीर

मोटार रस्त्यानें धांवतांना सर्वांच्या दृष्टीस पडते. परंतु जिच्या बळावर ती धांवते ती खटपट झांकणाखालीं चाललेली असते. एंजिनांतील दट्ट्या, त्याला जोडलेला कनेक्टिंग रॉड व त्या रॉडानें फिरणारा क्रँकशाफ्ट हीं तर डोळ्यांस कधींच दिसत नाहींत. या तिघांचा मेळ बसविण्यांत ज्यांनीं आपलें आयुष्य वेंचिलें, त्या सर हेन्री रॉइस यांचें चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों. रोल्स-रॉइस हें नांव ऐकलें नाहीं असा मुलगा विरळा. पण त्या जोडनांवांतील दुसरें नांव कोणाचें, हें सांगतां येणारे थोडे.

फ्रेडरिक हेन्री रॉइस याचा जन्म २७ मार्च १८६३ रोजीं इंग्लंडांत, पीटरबरो शहराजवळील अ‍ॅल्वाल्टन या खेड्यांत झाला. बाप पिठाची गिरणी चालवीत असे. तो धंदा बसला, बाप लंडनला गेला आणि १८७२ सालीं वारला. त्या वेळीं हेन्री अवघा नऊ वर्षांचा होता. वर्तमानपत्रें विकणें, तारा घरोघर पोंचविणें अशीं कामें करून तो आपल्या पोटापुरतें मिळवूं लागला. शाळेचा लाभ त्याला फारच थोडा झाला. पुढें नात्यांतील एका बाईनें वर्षाला २० पौंड भरण्याचें कबूल केलें, म्हणून पीटरबरो येथील ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या कारखान्यांत त्याला उमेदवारी मिळाली. ज्या घरीं तो राहत असे, तेथील यजमानापाशीं एक लेथ होतें. त्यावर त्यानें हात बसविला. रात्रीं तो बीजगणित व फ्रेंच शिके. परंतु तीन वर्षांनीं पैशाचा ओघ आटला व उमेदवारी अर्धीच राहिली. मग लीड्स शहरीं आठवड्याला ५४ तास काम करून ११ शिलिंग मिळवावे, अशी पाळी त्याजवर आली.

असें असतांही त्यानें उमेद सोडली नाहीं. विजेची विद्या त्या काळीं नवीन होती. ती त्यानें वाचून व हातानें करून मिळविली. १८८४ सालीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, गांठीं जमलेल्या २० पौंडांवर रॉइस यांनीं क्लेअरमाँट नांवाच्या मित्रासह मँचेस्टर येथील कुक स्ट्रीटवर लहानसा कारखाना काढिला. प्रथम विजेच्या घंटा, पुढें डायनामो, नंतर ओझीं उचलणाऱ्या विजेच्या याऱ्या, असा त्यांचा व्याप वाढत गेला. १९०३ सालीं त्यांनीं डेकोव्हिल नांवाची एक जुनी फ्रेंच मोटार विकत घेतली. ती चालविल्यावर तिचे दोष त्यांच्या नजरेंत भरले, आणि याहून चांगली मोटार आपणच करावी असें त्यांच्या मनानें घेतलें. १ एप्रिल १९०४ रोजीं त्यांची पहिली दोन सिलिंडरांची मोटार रस्त्यावर आली. पुढल्याच महिन्यांत मोटारींचे हौशी व्यापारी चार्ल्स रोल्स यांची भेट झाली. ती मोटार किती शांतपणें चालते हें पाहून रोल्स इतके संतुष्ट झाले कीं, रॉइस यांनीं कराव्या व रोल्स यांनीं विकाव्या, असा करार ठरला.

येथें क्षणभर थांबून आपण एंजिनाची रचना समजून घेऊं. घरच्या शिवणाच्या यंत्राकडे पाहा. पायाखालची पट्टी वरखालीं होते आणि तिला जोडलेली दांडी मोठें चाक फिरविते. मोटारींत पायाच्या जागीं पेट्रोलचा भडका असतो. तो दट्ट्याला खालीं लोटतो, कनेक्टिंग रॉड तो रेटा क्रँकशाफ्टच्या आडव्या बाहूला पोंचवितो, आणि शाफ्ट फिरूं लागतो. दट्ट्याच्या वरपासून खालपर्यंतच्या चालीस धाव म्हणतात. ही धाव त्या बाहूच्या लांबीच्या बरोबर दुप्पट असते.

रॉइस यांचें प्रसिद्ध सहा सिलिंडरांचें एंजिन १९०६ सालीं निघालें. सिल्व्हर घोस्ट या नांवानें जी मोटार जगभर गाजली तिचेंच हें एंजिन. त्यांत सिलिंडराचा व्यास साडेचार इंच व धावही साडेचार इंच होती. पुढें १९०९ च्या सुमारास धाव पावणेपांच इंच करण्यांत आली, आणि एंजिनाचें माप ७,०३६ घन सेंटिमीटरांवरून ७,४२८ वर गेलें. पाव इंचाची ती काय कथा, असें कोणी म्हणेल. पण विचार करून पाहा. धाव पाव इंच वाढली म्हणजे बाहू एक अष्टमांश इंच लांबला, आणि दट्ट्या तितकाच अधिक वर चढूं व तितकाच अधिक खालीं उतरूं लागला. आतां एक तर कनेक्टिंग रॉड तेवढा आंखूड हवा, नाहीं तर दट्ट्यांतील खीळ तेवढी वर बसविली पाहिजे, किंवा सिलिंडर तरी तितकें उंच केलें पाहिजे. यांतील कांहींच न केल्यास वायु प्रमाणाबाहेर दाबला जाईल, किंवा दट्ट्या सिलिंडराच्या माथ्यावर आदळेल. एंजिनांत एकच भाग बदलतां येत नाहीं. एकाला हात लाविला कीं सर्वांचा हिशेब पुन्हां मांडावा लागतो.

हा धडा रॉइस यांस सुखासुखीं मिळाला नव्हता. १९०५ च्या त्यांच्या पहिल्या सहा सिलिंडरांच्या मोटारींत क्रँकशाफ्ट मोडूं लागले. पोलाद उत्तम, घडण निर्दोष, तरी ते मोडत. झोपाळ्याला योग्य वेळीं हलके धक्के देत गेल्यास झोका जसा वाढत जातो, तसे ठराविक गतीला भडक्यांचे धक्के लांब शाफ्टला पिळीत व तो पीळ वाढतच जाई. १९०६ च्या एंजिनांत रॉइस यांनीं शाफ्ट जाड केला, त्याला सात बेअरिंगांचा आधार दिला, आणि सहा सिलिंडर दोन-दोनांच्या तीन जोड्यांत न ठेवतां तीन-तीनांच्या दोन गटांत असे मांडिले कीं, एक अर्ध दुसऱ्या अर्धाचें आरशांतलें प्रतिबिंब व्हावें. १९०७ सालीं त्या मोटारीची १५,००० मैलांची कसोटी झाली. त्यांतील १४,३७१ मैल ती वाटेंत बिघाडामुळें एकदांही न थांबतां धांवली. शेवटीं एंजिन सोडवून भाग तपासले, तेव्हां झीज भरून काढण्यास दोन पौंडांहून थोडाच अधिक खर्च आला. १९०८ सालीं याच जातीच्या मोटारीनें मुंबई ते कोल्हापूर या मार्गावरील शर्यतींत आपल्या सह्याद्रीचे घाटही पार केले.

मात्र यंत्राच्या प्रत्येक भागाची अशी काळजी वाहणाऱ्या या पुरुषानें आपल्या देहाची काळजी केली नाहीं. कामाच्या भरांत त्यांस जेवणाची शुद्ध नसे; दुधाचा पेला घेऊन एका मुलाला त्यांच्या मागें हिंडावें लागे, असें सांगतात. १९१० सालीं रोल्स विमानाच्या अपघातांत मरण पावले. थोड्याच काळानें रॉइस यांचीही प्रकृति ढासळली व मोठी शस्त्रक्रिया करावी लागली. ते फार दिवस जगणार नाहींत असें वैद्यांस वाटलें. तथापि एका परिचारिकेच्या शुश्रूषेनें ते आणखी वीस वर्षें जगले. डर्बीच्या कारखान्यापासून दूर, हिवाळ्यांत फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर व पुढें ससेक्समधील वेस्ट विटरिंग गांवीं राहून ते आराखडे तपाशीत व दुरुस्त्या लिहून धाडीत.

महायुद्धांत त्यांनीं ईगल हें विमानाचें बारा सिलिंडरांचें एंजिन रचिलें. त्याचा व्यास मोटारीचाच साडेचार इंच, पण धाव साडेसहा इंच. अशा दोन एंजिनांच्या बळावर अल्कॉक व ब्राउन यांनीं जून १९१९ मध्यें अटलांटिक महासागर न थांबतां ओलांडला. पुढें श्नायडर चषकाच्या शर्यतीसाठीं आर नांवाचें एंजिन झालें. त्याचा सहा इंच व्यास व ६.६ इंच धाव हीं मापें कारखान्याच्या बझर्ड एंजिनाचींच होतीं. पण त्यांतून दुपटीहून अधिक शक्ति काढावयाची होती. रीत एकच : पूर्ण जोरानें मोडेपर्यंत चालवावयाचें, मोडेल तो भाग सुधारावयाचा, आणि पुन्हां चालवावयाचें. १९२९ सालीं त्यानें १,९०० अश्वशक्ति दिली, १९३१ सालीं २,३५०. आणि त्याच वर्षीं त्याच्या विमानानें ताशीं ४०७ मैलांचा वेग गांठला.

१९३० सालीं सरकारनें रॉइस यांस बॅरोनेट केलें; तरी स्वतःस साधा कारागीर म्हणविण्यांतच त्यांस भूषण वाटे. २२ एप्रिल १९३३ रोजीं ते वारले. त्यांच्या हयातींत आंखलेलें मर्लिन एंजिन त्याच वर्षीं ऑक्टोबरांत प्रथम चाललें, आणि १९४० सालीं इंग्लंडच्या आकाशाचें रक्षण करणाऱ्या विमानांत तेंच गर्जत होतें.

ज्या मुलाचा हात लांकडांत व लोखंडांत रमतो त्याला पालकांनीं कमी लेखूं नये, हें या चरित्रावरून दिसतें. आणि विद्यार्थ्यांनीं येथून दोन गोष्टी घ्याव्या. एक, कामांतील पाव इंचही लहान मानूं नये. दुसरी, काम, अन्न व विश्रांति यांचाही मेळ असतो, आणि तो बिघडला म्हणजे त्याची किंमत चुकवावी लागते. रॉइस यांनीं ती वीस वर्षें चुकविली.