जमशेटजी टाटा व कापसाची हुंडी

नागपुरात ‘एम्प्रेस मिल’ उभारणारे उद्योगपती म्हणून जमशेटजी नसरवानजी टाटा यांचे नाव आपल्या भागातील आबालवृद्धांस ठाऊक आहे. परंतु याच पुरुषाला तरुण वयात कापसाच्याच व्यापाराने संकटाच्या खाईत लोटले होते, ही हकीकत आपल्या कास्तकार व व्यापारी कुटुंबांत फारशी सांगितली जात नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारी येथे झाला. एल्फिन्स्टन कॉलेजातील शिक्षण संपवून ते वडिलांच्या पेढीत शिरले व १८५९ साली हाँगकाँगला गेले. चीनकडे कापूस व अफू पाठवावयाची आणि तिकडून चहा, रेशीम आणावयाचे, असा तो व्यापार होता.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. साहजिकच सर्वांची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळली. भाव चौपटीच्याही वर गेले. हिंगणघाटच्या कापसाची ख्याती होतीच. रेल्वे नागपुरास १८६७ साली पोहोचली, तेव्हा त्या काळी आपल्याकडील माल बैलगाड्यांनीच जात असे. मुंबईत पैशाचा पूर आला. प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर बँका कर्जे देऊ लागल्या, तीही शेअरांच्या कागदी तारणावर!

या व्यवहारातील मेख वाचकांनी नीट पाहावी. सुएझचा कालवा १८६९ साली खुला झाला. तत्पूर्वी शिडाची जहाजे आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्‌महिने प्रवास करीत. व्यापारी माल जहाजावर चढवी, विलायतेतील अडत्यावर हुंडी लिही आणि जहाजाच्या बिल्टीवर बँकेकडून आगाऊ रक्कम उचली. म्हणजे कर्ज आजच्या भावाचे आणि विक्री मात्र चार महिन्यांनंतरच्या भावाची. १८६५ च्या एप्रिलात अमेरिकेतील युद्ध संपुष्टात आले. त्याच वर्षी सुरू झालेल्या तारायंत्राने वार्ता झटकन पोहोचत होत्या. माल मात्र अद्याप समुद्रातच होता. १ जुलै १८६५ रोजी मुंबईत वायद्याच्या सौद्यांची मुदत भरली आणि सावकारांसकट सारे कोसळले. बँक ऑफ बॉम्बेही पुढे बुडाली.

जमशेटजी त्या वेळी लंडनमध्ये होते. तेथे हिंदी बँक स्थापावी, या हेतूने ते गेले होते. पण जवळच्या शेअरांना रद्दीचे मोल आले. पंचवीस-सव्वीस वर्षांच्या त्या तरुणाने तोंड लपविले नाही. सावकारांसमोर जाऊन त्याने पेढीची खरी स्थिती मांडली. तेव्हा त्यांनी पेढीची आवराआवर त्याच्याच हाती सोपविली व दरमहा २० पौंड वेतन ठरविले. इकडे वडिलांना राहते घर विकावे लागले. माझ्या मते जमशेटजींच्या चरित्रातील हे पान गिरणीच्या उद्घाटनाहून मोठे आहे.

१८६८ च्या ॲबिसिनियाच्या स्वारीतील सैन्यपुरवठ्याच्या मक्त्याने कुटुंब सावरले. पुढे मुंबईची रूढ वाट सोडून जमशेटजींनी नागपूर निवडले, कारण कापूस येथे पिकत होता. कच्चा माल परदेशी धाडून भावाची जोखीम पत्करण्यापेक्षा शेताजवळच सूत काढावे, हा विचार त्यामागे असावा. जुम्मा तलावालगतच्या दलदलीत भर घालून उभारलेली गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. १८८६ साली तेथे कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी निघाला.

तरीही परदेशी व्यापाराने त्यांना पुन्हा एकदा चटका दिलाच. चीन-जपानकडे सूत नेणाऱ्या ‘पी. अँड ओ.’ कंपनीचे जहाजभाडे अवाच्या सवा होते. १८९३ साली जमशेटजींनी जपानी कंपनीच्या साहाय्याने स्वतःची जहाजे चालविली. प्रतिपक्षाने भाडे इतके उतरविले की ती बंद करावी लागली.

१९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचे देहावसान झाले. एम्प्रेस मिलही २००२ साली बंद पडली. आता बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत कृत्रिम धागा निघतो. पण दिवाळीनंतर घरात कापूस येऊन पडला की, न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात भाव काय निघाला, याची चौकशी आपल्या ओसरीवर अजूनही होतेच.