टीव्ही आधी खेड्यात पोहोचवू पाहणारे विक्रम साराभाई

घाटात फोनची रेंज का जाते? टॉवरच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, मध्ये डोंगर आला की अडतात. साताऱ्याच्या खंडाळा तालुक्यात खंबाटकी घाटाच्या आडोशाला एखादी वाडी असेल, तर तिथल्या मुलांचा ऑनलाइन तास याच कारणाने तुटू शकतो. लहरी थेट आकाशातून गावात उतरवायच्या, हा त्यावरचा उपाय विक्रम साराभाईंनी १९६०च्या दशकातच मांडला होता.

साराभाईंचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबादच्या गिरणीमालक कुटुंबात झाला. केंब्रिजला शिकून त्यांनी वैश्विक किरणांवर संशोधन केलं. १९४७ मध्ये अहमदाबादेत भौतिकी संशोधन प्रयोगशाळा उभारली. १९६३ मध्ये केरळातल्या थुंबा इथून पहिलं रॉकेट उडालं, तेही त्यांच्याच पुढाकाराने.

गरीब देशाला अवकाश कशाला, असं तेव्हा अनेकांना वाटे. साराभाईंचा हिशोब उलटा होता. जिथे रस्ता नाही, पुरेसे शिक्षक नाहीत, तिथेच उपग्रहाची गरज जास्त. म्हणून टीव्ही शहरातून हळूहळू खेड्याकडे नेण्याऐवजी आधी खेड्यातच न्यावा, हा त्यांचा आग्रह. १९६७ मध्ये दिल्लीजवळच्या ८० गावांत शेतीविषयक कार्यक्रम दाखवून सुरुवात झाली. १९६९ मध्ये अमेरिकेच्या नासाशी उपग्रह वापरण्याचा करार झाला.

पण ३० डिसेंबर १९७१ रोजी, वयाच्या ५२व्या वर्षी साराभाई गेले. परदेशाशी उपग्रहामार्फत संपर्क साधण्यासाठी पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ आर्वी इथे भू-केंद्र उभं राहिलं. त्याला 'विक्रम' हे नाव देण्यात आलं.

शिक्षणाचा मोठा प्रयोग १ ऑगस्ट १९७५ला सुरू झाला. त्याचं नाव साइट. सहा राज्यांतली २४०० गावं, प्रत्येक गावात एक सामायिक टीव्ही आणि जाळीची मोठी छत्री. सकाळी शाळेच्या मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी मोठ्यांसाठी शेती आणि आरोग्य. एकाच चित्रासोबत दोन भाषांतला आवाज पाठवता येई. महाराष्ट्र या सहा राज्यांत नव्हता.

वर्षभरात मुदत संपली आणि अमेरिकेने उपग्रह परत नेला. पुढे भारताचे इन्सॅट उपग्रह आले. त्या काळात, १९८४ साली पुण्यात 'बालचित्रवाणी' सुरू झाली. तिचे मराठी शैक्षणिक कार्यक्रम दूरदर्शनवर लागत. तुमच्यापैकी काहींना ते आठवतही असतील. २०१७ मध्ये ती संस्था बंद झाली. तीन वर्षांनी कोरोनाने शाळांना कुलूप लावलं आणि शिक्षण मोबाइलवर आलं. ज्या घरात स्मार्टफोन किंवा रेंज नव्हती, तिथली मुलं मागे राहिली.

आज उपग्रह आपले आहेत. तरीही नवं तंत्रज्ञान बहुतेक वेळा आधी शहरात येतं आणि वाडीवर शेवटी पोहोचतं. साराभाईंना बदलायचा होता तो हाच क्रम.