रुडॉल्फ डिझेल

रुडॉल्फ क्रिस्टियान कार्ल डिझेल (१८ मार्च, १८५८:पॅरिस - २९ सप्टेंबर, १९१३) हे जर्मन अभियंते होते. डिझेल इंजिन व त्यात वापरले जाणारे इंधन त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

त्यांचे आईवडील बव्हेरियन होते. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धामुळे कुटुंबाला पॅरिस सोडून लंडनला जावे लागले. रुडॉल्फ यांना शिक्षणासाठी आउग्सबुर्गला नातेवाइकांकडे पाठवण्यात आले. पुढे म्युनिक येथे ते कार्ल फॉन लिंडे यांचे विद्यार्थी होते.

तत्कालीन वाफेच्या इंजिनांत इंधनातील बहुतांश उष्णता वाया जात असे. हवा अतिशय दाबली असता इतकी तापते, की तीत सोडलेले इंधन ठिणगीवाचून पेटते. या तत्त्वावरील इंजिनासाठी डिझेल यांनी १८९२ मध्ये एकस्वाचा अर्ज केला. आउग्सबुर्गच्या कारखान्यात १८९३ मध्ये पहिले प्रायोगिक इंजिन स्वतःच्या शक्तीवर चालू शकले नाही. १८९७ च्या चाचणीत मात्र सुधारित इंजिनाची कार्यक्षमता सुमारे २६ टक्के भरली.

इंधन फवारण्यासाठी अवजड कॉम्प्रेसर लागत असल्याने हे इंजिन त्यांच्या हयातीत मुख्यतः कारखाने व जहाजांपुरतेच राहिले. एकस्वांतून मिळालेली संपत्ती ओसरून ते कर्जबाजारी झाले. २९ सप्टेंबर, १९१३ रोजी अँटवर्पहून हार्विचला निघालेल्या 'ड्रेस्डेन' या जहाजावरून ते बेपत्ता झाले. काही दिवसांनी त्यांचा मृतदेह समुद्रात आढळला. मृत्यूचे कारण निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही.

कॉम्प्रेसरविना इंधन फवारणारे पंप बॉश कंपनीने १९२७ पासून मोठ्या प्रमाणावर बनवले. त्यामुळे लहान डिझेल इंजिन शक्य झाले आणि १९३६ मध्ये, डिझेल यांच्या मृत्यूनंतर २३ वर्षांनी, मर्सिडीज-बेंझ २६० डी ही डिझेलवर चालणारी प्रवासी मोटार सादर झाली.