दुष्काळात बायको गेली, मुलगा गेला, दुकान बुडालं. तेव्हा तुकोबांनी देवाकडे काय मागितलं?

साल होतं १६३०. पावसाने दख्खनकडे पाठ फिरवली. शेतं करपली, धान्य मिळेनासं झालं, गावंच्या गावं ओस पडली. या दुष्काळात इंद्रायणीकाठच्या देहू गावातला एक तरुण वाणी आपलं दुकान बुडताना पाहत होता.

त्याचं नाव तुकाराम बोल्होबा आंबिले. आपले जगद्गुरू तुकाराम महाराज.

घर तसं खातंपितं. गावची महाजनकी, किराणा दुकान, थोडी सावकारी आणि पिढ्यान् पिढ्या चालत आलेली पंढरीची वारी. पण आईवडील गेले. थोरल्या भावाची, सावजीची बायको वारली आणि तो घर सोडून तीर्थयात्रेला निघून गेला. सगळा भार तुकोबांवर आला.

त्यात दुष्काळ पडला. गुरंढोरं मेली, व्यापाराचं दिवाळं निघालं, गावातली पत गेली. पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली. पाठोपाठ मुलगा संतूही गेला. तेव्हा तुकोबांचं वय होतं जेमतेम बावीस-तेवीस.

अशा वेळी माणूस एकतर देवाला शिव्या घालतो, नाहीतर नवस बोलतो. तुकोबा भामनाथच्या डोंगरावर जाऊन बसले. परंपरा सांगते की पंधरा दिवस ते तिथे विठ्ठलाचा धावा करत होते. धाकटा भाऊ कान्होबा त्यांना शोधत तिथे पोहोचला.

परत आल्यावर त्यांनी काय केलं? कर्जाचे कागद बाहेर काढले. अर्धे कान्होबाला दिले, कारण त्याच्या संसाराचा तो वाटा होता. स्वतःच्या वाट्याचे कागद इंद्रायणीत सोडून दिले. ज्यांच्याकडून येणं होतं, तेही दुष्काळाने पिचलेलेच होते. देवाकडे दया मागणाऱ्याने आधी आपल्या हातात होती तेवढी दया करून टाकली.

मग पूर्वजांचं मोडकळीला आलेलं विठ्ठल मंदिर दुरुस्त केलं. जुन्या संतांचे अभंग पाठ केले, कीर्तनात उभे राहिले आणि पुढे स्वतः अभंग रचू लागले.

त्यांची प्रार्थना गोडगोड नव्हती. ते विठ्ठलाशी भांडतात, त्याला निष्ठुर म्हणतात, आणि पुढच्याच क्षणी लेकरासारखं रडून कृपा मागतात. दिवाळं निघालं आणि दुष्काळाने छळलं ते बरंच झालं, त्यामुळे तुझी आठवण राहिली, असंही त्यांनी देवाला सांगितलं.

अर्थात, याची किंमत घरानेही मोजली. दुसरी पत्नी जिजाई म्हणजे आवली. चूल कशी पेटवायची ही चिंता तिची. तुकोबा भंडारा डोंगरावर नामस्मरणात असताना त्यांची भाकरी घेऊन डोंगर चढणारीही तीच.

संकट तिथेच संपलं नाही. शूद्राने मराठीत वेदांचा अर्थ सांगावा, हे वाघोलीच्या रामेश्वर भटांना मान्य नव्हतं. अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या गेल्या. दुष्काळानंतर उभं केलेलं सगळंच पुन्हा पाण्यात गेलं. तुकोबा नदीकाठच्या शिळेवर अन्नपाणी सोडून तेरा दिवस बसून राहिले.

वह्या कोरड्या वर आल्या, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. अभंग लोकांना मुखोद्गत होते म्हणून ते तरले, असं काही अभ्यासक मानतात. पुढे रामेश्वर भटच तुकोबांचे शिष्य झाले. आज गाथेत साडेचार हजारांच्या आसपास अभंग आहेत. ती शिळा देहूत आहे आणि जून २०२२ मध्ये तिथे नवं शिळा मंदिर उभं राहिलं.

इतकं सोसल्यावर तुकोबांनी मागितलं काय? गेलेलं दुकान नाही, पैसा नाही, मोक्षसुद्धा नाही. तुझा विसर पडू देऊ नकोस आणि चांगल्या माणसांची संगत दे, एवढंच.