लसीकामर्दनाचे जनक एमिल व्होडर

रक्ताभिसरण शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. मात्र रक्तवाहिन्यांच्या जोडीने शरीरभर लसीकावाहिन्यांचेही जाळे पसरलेले आहे, याची जाणीव अनेकांना हातपाय सुजल्यावरच होते. या उपेक्षित जाळ्यासाठी हळुवार मर्दनाची पद्धत घडविणारे एमिल व्होडर वैद्यकीय पदवीधर नव्हते. किंबहुना, त्यामुळेच त्यांना मान्यतेसाठी तीन दशके वाट पाहावी लागली.

व्होडर यांचा जन्म १८९६ मध्ये कोपनहेगन येथे झाला. याच शहरातील थॉमस बार्थोलिन यांनी सतराव्या शतकात लसीकावाहिन्यांचे वर्णन केले होते. व्होडर यांनी वैद्यकीय शिक्षण घेण्यास प्रारंभ केला. परंतु मलेरियामुळे ते अर्धवट राहिले. पुढे १९२८ मध्ये ब्रुसेल्स विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली, ती तत्त्वज्ञान शाखेची.

१९३० च्या दशकात ते पत्नी एस्ट्रिड यांच्यासह फ्रान्समधील कान येथे अंगमर्दनाचे उपचार करीत असत. जुनाट सर्दीने त्रस्त असलेल्या रुग्णांच्या मानेतील लसीकाग्रंथी सुजलेल्या असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. संसर्ग पसरेल या भीतीने त्या काळी या ग्रंथींना हात लावणे वर्ज्य मानले जाई. व्होडर दाम्पत्याने मात्र हलक्या, वर्तुळाकार, तालबद्ध हालचालींनी तेथील त्वचा ताणण्याचे तंत्र विकसित केले. वरच्या थरातील लसीकावाहिन्या त्वचेलगतच असतात आणि लसीकेला गती देणारे हृदयासारखे स्वतंत्र इंद्रिय नसते. त्यामुळे येथे जोर नव्हे, तर योग्य दिशा आणि लय महत्त्वाची ठरते.

हे तंत्र त्यांनी १९३६ मध्ये पॅरिसमध्ये मांडले. सौंदर्योपचार करणाऱ्यांनी त्याचे स्वागत केले. वैद्यकीय जगत मात्र उदासीन राहिले. १९६० च्या दशकात जर्मन डॉक्टर योहानेस आस्डोंक यांनी असंख्य रुग्णांवर त्याची पडताळणी केली, तेव्हा चित्र पालटले. १९७० च्या दशकात जर्मनीतील आरोग्य विम्यात या उपचाराचा समावेश झाला. ऑस्ट्रियातील वाल्खझे येथे व्होडर यांचे शिष्य विटलिंगर दाम्पत्याने प्रशिक्षण संस्था उभारली.

सर्दीसाठी जन्मलेले हे तंत्र पुढे वेगळ्याच रुग्णांच्या उपयोगी पडले. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतील ग्रंथी काढल्यावर काही स्त्रियांचा हात सुजतो. त्यांच्या उपचारांत दाबपट्ट्या, व्यायाम आणि त्वचेची निगा यांच्या जोडीला हे मर्दन केले जाते. दाबपट्ट्यांचे महत्त्व निर्विवाद असून निव्वळ मर्दनाचा अतिरिक्त लाभ मर्यादित असल्याचे अभ्यासांत आढळले आहे. तीव्र संसर्ग, रक्तवाहिनीत गुठळी किंवा अनियंत्रित हृदयविकार असल्यास ते टाळावे लागते.

१९८६ मध्ये व्होडर यांचे निधन झाले. त्यांचे सारेच दावे काळाच्या कसोटीवर उतरले नाहीत. परंतु ज्या ग्रंथींना स्पर्श करण्यास वैद्यक कचरत होते, त्यांच्यावर उपचाराचा हात ठेवण्याचे धैर्य त्यांनी दाखविले. सुजलेल्या हाताचे ओझे वाहणाऱ्या रुग्णांसाठी ते मोलाचे ठरले.