श्यामची आई पडद्यावर आणणारे हेडमास्तर

या अंकात साने गुरुजींवर कोणी ना कोणी लिहिणारच. १९२४ ते १९३० गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते, पुढे धुळ्याच्या तुरुंगात होते, हे आपल्या सरांनी आणि बाईंनी इतक्यांदा सांगितलंय की बॅचमधलं कोणीही झोपेत सांगेल. म्हणून मी गुरुजींचं पुस्तक पडद्यावर नेणाऱ्या माणसावर लिहिते आहे. गुरुजी जितके मवाळ, तितका हा माणूस भांडखोर. प्रल्हाद केशव अत्रे.

जन्म १३ ऑगस्ट १८९८, सासवडजवळच्या कोढीत गावचा. आपल्या शिक्षकांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे अत्रे मुळात मास्तर. पुण्याच्या कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे हेडमास्तर. शिकवायचं कसं हे शिकायला ते लंडनला गेले, तिथून शिक्षणशास्त्राची पदविका घेऊन आले आणि मुलांसाठी ‘नवयुग वाचनमाला’ काढली. पाठ्यपुस्तक मुलांना वाचावंसं वाटलं पाहिजे, हा तेव्हा नवा विचार होता. वर्गातलं शेवटच्या बाकावरचं पोरगंसुद्धा मान वर करून ऐकेल असं बोलायचं कसब त्यांना साधलं होतं. माझ्या मते त्यांचं पुढचं सगळं यश त्या कसबातून आलं, आणि बराचसा वाह्यातपणाही त्यातूनच.

मास्तरकी करता करता नाटकं सुरू झाली: ‘साष्टांग नमस्कार’, ‘घराबाहेर’, ‘लग्नाची बेडी’. मग सिनेमा. १९३८ चा ‘ब्रह्मचारी’ मास्टर विनायकांसाठी त्यांनीच लिहिला. पुढे ते स्वतः निर्माते झाले. १९४० मध्ये ‘नवयुग’ साप्ताहिक काढलं. मधल्या काळात काँग्रेसतर्फे पुण्याच्या नगरपालिकेत निवडून गेले. तिथल्या रे मार्केटचं नाव महात्मा फुले मंडई झालं, त्यात अत्र्यांचा पुढाकार होता. आज टीव्ही चॅनलचा मालक निवडणुकीला उभा राहिला की आपण भुवया उंचावतो. त्या काळात टीव्ही नव्हता. छापखाना, रंगभूमी, सिनेमा आणि जाहीर सभा ही चारही माध्यमं या एका माणसाच्या हातात होती.

आता ‘श्यामची आई’. गुरुजींनी हे पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. ११ जून १९५० ला गुरुजी गेले. तीन वर्षांनी अत्र्यांनी चित्रपट केला. आईच्या भूमिकेसाठी घेतलं वनमालाबाईंना, ज्यांना लोक ‘सिकंदर’सारख्या हिंदी चित्रपटांतली देखणी नायिका म्हणून ओळखत होते. श्याम झाला माधव वझे, संगीत वसंत देसाईंचं. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक त्या वर्षी पहिल्यांदाच दिलं गेलं आणि ते या मराठी चित्रपटाला मिळालं. पाठोपाठ त्यांनी ‘महात्मा फुले’ केला, त्याला रौप्यपदक. खिल्ली उडवण्यात ज्यांचा हात कोणी धरत नव्हतं, त्यांनी इथे एकदाही कोणाची खिल्ली उडवलेली नाही. कधी थांबायचं हे त्यांना कळत होतं. म्हणूनच पुढचं जास्त खटकतं.

२१ नोव्हेंबर १९५५ ला मुंबईत फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. त्या आंदोलनात शंभरावर माणसं गेली. १५ नोव्हेंबर १९५६ ला अत्र्यांनी ‘मराठा’ दैनिक सुरू केलं आणि संयुक्त महाराष्ट्राची तोफ रोज सकाळी उडू लागली. मोरारजी देसाई हे मुख्य लक्ष्य. पुढे यशवंतराव चव्हाणही. मुद्दे खरे होते, लढा न्याय्य होता. पण माणसाच्या दिसण्यावर, घरादारावर घसरणारी भाषाही त्यात होती. वाचक मिटक्या मारत वाचत. सभेला लोटणारी गर्दीही त्यासाठीच यायची, हे अत्र्यांना ठाऊक होतं. लढ्याला तशी भाषा लागते, असं त्यांचे चाहते म्हणतात. मला ते पटत नाही. फडक्यांशी त्यांचं भांडण साहित्याचं होतं, तिथे कुठला लढा होता? एखादी सवय लागली की ती कामापुरती राहत नाही, एवढंच.

१९५७ मध्ये समितीतर्फे ते विधानसभेत गेले. १ मे १९६० ला राज्य झालं. आपले जिल्हे तोवर पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश होते, ते जळगाव आणि धुळे झाले. मात्र डांग गुजरातकडे गेला, आणि नवापूर, नंदुरबार, तळोदे, अक्कलकुवा या तालुक्यांतली काही गावंही. मुंबई मिळाल्याच्या आनंदात या गावांचं दुःख आपल्या भागाबाहेर फारसं कोणाला राहिलं नाही.

राज्य आल्यावर अत्र्यांचं राजकारण ओसरलं, लेखणी नाही. १९६२ मध्ये ‘तो मी नव्हेच’ आलं. विशेष म्हणजे ज्यांच्यावर आयुष्यभर टीका केली, त्या नेहरूंच्या निधनानंतर त्यांनी दिवसेंदिवस लेख लिहिले. त्यांचंच पुढे ‘सूर्यास्त’ झालं. बाबासाहेब गेले तेव्हा अंत्यसंस्काराच्या वेळी जमलेल्या लाखोंसमोर बोलायला तेच उभे होते. माणूस गेल्यावर त्याचं मोठेपण त्यांच्याइतकं भरभरून क्वचितच कोणी मांडलं असेल. तो जिवंत असताना यातलं थोडं दिलं असतं तर, असं वाटत राहतं.

१३ जून १९६९ ला मुंबईत अत्रे गेले. साने गुरुजींच्या पुण्यतिथीनंतर दोनच दिवसांनी, शाळा उघडायच्या सुमारास.